राजहंस बँडची सुपारी

८ फेब्रुवारी

भूमिकाचं जमलं. काटोलचा पोरगा आहे, दुर्गेश नाव, घरचा संत्र्याचा व्यापार. दिसायले बरा आहे. बोलायले त्याची माय आहे.

ही डायरी बाबारावले विमेवाल्यानं दिली होती, कोरीच पडून होती. बाबाराव माझा पोरगा, देवकी त्याची बायको, भूमिका त्याइची एकुलती एक पोरगी, नोकरी करते. मी चौथीपर्यंत शिकली, तेवढ्यात लिहिणं भागते. घरात काही बोलली तं देवकीचं तोंड फुगते अन् बाबाराव टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणून आता इथं लिहिते. कागद उलटून बोलत नाही.

आज जेवताना वाजवण्याची गोष्ट निघाली. देवकी म्हणे, "डीजे तं काटोलवाले आणतीनच. मोठावाला."

मी म्हटलं, "राजहंस बँड सांगा."

बाबाराव इतका हसला का घास नाकात गेला. "माय, तो रडका बँड? अजून जिंदा आहे तो?"

"तू आहे नं जिंदा. तसा तोही आहे."

भूमिका तेवढी हसली नाही. ताटाकडे पाहत होती.

राजहंस बँड पार्टी, जरीपटका. सगळं नागपूर त्याले रडका बँड म्हणते. त्याइची एक चाल आहे, आता मास्तर आहे त्या धोंडबाच्या बापानं बसवलेली. सुरुवातीले नुसता क्लॅरिनेट. बाकीचे नुसते उभे. लोकाइले वाटते, विसरले. मंग ढोल येते, तोही मागून मागून, जसं कोणी मनात नसताना चालून राहिलं. त्या चालीवर पाय टाकता येत नाही. वराती थांबतात, एकमेकाच्या तोंडाकडे पाहतात, अन् मंग कोणीतरी चिल्लावते, "बंद करा बे!" अन् बंद नाही केली तरी ती अर्ध्यातच संपते. शेवट नाहीच तिले. लोकाइले हे आवडत नाही, कारण लोकाइले नाचायचं राहते. मले कधी नाचायचं नव्हतं.

माझ्या लग्नात हाच बँड होता. सासऱ्याले स्वस्तात भेटला म्हणून आणला. त्या दिवशी सगळ्याइले घाई होती. भटाले घाई, नवऱ्याले घाई, माझ्या मायले मले वाटेले लावायची घाई. एक तो बँड होता, त्याले घाई नव्हती. तेव्हापासून कोणाच्याही वरातीत राजहंस ऐकू आला का मी हातातलं टाकून रस्त्यावर. बाजूले दुसरं कोणी येऊन उभं राहिलं असं आजवर झालं नाही.

तसंही मले आवडते ते बंद पडते. मी घासायची ते दंतमंजन बंद पडलं. मी प्यायची तो चहा बंद पडला. भजनी मंडळात एक घोगऱ्या आवाजाची बाई होती, तिच्यासाठी मी जात होती, तर तिलेच मागच्या रांगेत बसवलं. राजहंस तेवढा राहिला आहे.

१३ फेब्रुवारी

देवकी माहेरी गेली अन् मी जरीपटक्याले गेली. मानेवाड्याहून, आमच्या घरून, ऑटोनं अजनी, तिथून मेट्रो, मंग पुन्हा ऑटो. मेट्रोत एका पोरीनं उठून मले जागा दिली, अन् मंग सारा रस्ता मोबाईलमधून एकच धडधड्या गाणं ऐकवलं. जागा वसूल करून घेतली.

बँडचं दुकान म्हणजे एक खोली. भिंतीवर बाजे टांगलेले, एकाच्या तोंडात पालीनं घर केलं. मी उंबऱ्यावर पोहोचायच्या आधी आत जोरात काहीतरी बडवणं चालू होतं, मी दिसली तसं थांबलं. बाजूले ग्रिल-गेटवाल्याचं दुकान आहे, त्याचंच असेल.

धोंडबा बाहेर आला. केस सारे पांढरे झाले त्याचे. म्हणे, "या बाई. आज काय ऐकता?"

"तीच."

त्यानं आपल्या माणसाइकडे पाहिलं. ढोलवाला म्हणे, "मी चहा सांगून येतो," अन् गेला. त्याच्यामागं बाकीचेही गेले. एका चहाले इतके लोक लागतात, हे मले माहीत नव्हतं.

"दुसरं काही वाजवू काय बाई? एक नवीन बसवलं आहे."

"नवीन सारं गाव वाजवते. तू तुह्या बापाचं वाजव."

मंग वाजवली त्यानं, एकट्यानंच. डोळे मिटून. बाकीचे बाहेर टपरीवर उभे होते, आत आले नाही. मले बरं वाटलं. एवढी समज आजकाल कुठं राहते.

मी पिशवीतून नारळ, विडा अन् सुपारी काढली अन् त्याच्या हातावर ठेवली. २६ एप्रिल, भूमिकाचं लग्न. सुपारी एकदा हातावर पडली का बँडवाला त्या तारखेले दुसरीकडे जात नाही अन् देणारा परत मागत नाही. त्याइच्यात हाच कायदा आहे.

धोंडबा सुपारीकडे पाहत राहिला. "घरी विचारलं आहे नं?"

"मीच घर आहो," मी म्हटलं.

१५ फेब्रुवारी

घरात आग लागली आहे.

देवकीले कळलं. कपाळावर हात मारून घेतला तिनं. "आई, आपण पोरीवाले आहो! वाजंत्री पोराकडची राहते, हे मी सांगू काय तुमाले?"

खरं आहे. पोरगा वाजतगाजत येते अन् वाजवणं हा पोरावाल्याचा मान. पोरीवाल्यानं बँड सांगणं म्हणजे त्याइच्या तोंडावर म्हणणं का तुमची ऐपत दिसत नाही, थांबा, आम्हीच तुमाले वाजवत आणतो. अशानं लग्नं मोडलेली मी पाहिली आहे. मोडताना दोन शब्द मीही टाकले आहे.

बाबाराव म्हणे, "माय, तुले माहीत नव्हतं काय?"

माहीत होतं. पण त्या दिवशी डोक्यातच आलं नाही. आजवर इतक्या लग्नात उभी राहिली, पोरीकडची का पोराकडची हे मी कधी पाहिलंच नाही. मी बँडकडची राहत होती.

बाबारावनं काटोलले फोन केला. फोन कानापासून दूर धरून बोलून राहिला होता, तरी पलीकडचं मले ऐकू येत होतं.

२२ फेब्रुवारी

काटोलवाले आले. इवाई चंपतराव, म्हणजे दुर्गेशचा बाप, विहीणबाई अन् मागून दुर्गेश. संत्र्याची पेटी आणली नाही. मागच्या वेळी आणली होती.

चंपतराव सोफ्याच्या टोकावर बसले, जसे आताच उठायचे आहे. "बाई, आमच्या काटोलात वाजवायले माणसं नाही, असं कोणी सांगतलं तुमाले?"

"कोणी नाही सांगतलं. मले बँड आवडते म्हणून सांगतला."

विहीणबाई म्हणे, "ऐकला आहे आम्ही तो. लोक विचारतीन, वरात आली का मयत?"

मी म्हटलं, "तुमच्या पोराचं तोंड पाहून विचारतीन तं विचारतीन. त्यात बँडचा काय दोष?"

देवकीच्या हातातून पाण्याचा गिलास सुटला. दुर्गेश तेवढा हसला, मंग मायनं पाहिलं तसं थांबला.

बाबाराव हात जोडून उभा राहिला. "माय, माफी माग. अन् सुपारी परत आण."

"सुपारी परत येत नाही."

चंपतराव उठलेच. "मंग बाबाराव, आम्हाले विचार करा लागन."

मले वाटलं, गेलं आता. पोरीचं लग्न माझ्यापायी मोडलं, असं मरेपर्यंत ऐका लागन. तरी तोंडातून माफी निघेना. निघालीच नाही तं मी काय करू.

तेवढ्यात भूमिका आतून आली. डोक्यावर पदर नाही, हातात ट्रे नाही, रिकामीच येऊन उभी राहिली. चंपतरावले म्हणे, "बाबाजी, वरातीत तुमचा डीजे. मांडवाच्या दारावर आजीचा बँड, तुमच्या स्वागताले. स्वागत तं पोरीवालेच करतात नं? त्यात कोणाचा मान जाते?"

चंपतराव दुर्गेशकडे पाहत होते. दुर्गेश म्हणे, "बरोबर आहे बाबा. बसा नं."

विहीणबाई म्हणे, "पण रडायचं नाही हं त्याइनं माह्या दारात."

"नाही रडणार," भूमिका म्हणे. "ती जबाबदारी माही."

चंपतराव बसले. चहा झाला. या घरात माझ्या बाजूनं कोणी उभं राहिलं, ते आज पाहिलं. पोरीचं नाक माझ्यावर गेलं, असं मी आधीपासून म्हणत होती.

५ मार्च

काटोलवाले गेले त्याच रात्री भूमिकानं धोंडबाचा नंबर मागतला. म्हणे, वेळ सांगायची आहे. मी म्हटलं, सांग त्याले, चाल पुरी वाजव, मधात कोणाचं ऐकू नको. "हो आजी," म्हणे अन् डोळा चोळत गेली. कचरा गेला असेल.

आता दर आठ दिवसाइनं जाते ती जरीपटक्याले, दुर्गेशसोबत. देवकी म्हणते, लग्नाआधी कशाले फिरतात. मी म्हटलं, बँड ऐकायले जातात, सिनेमाले नाही. पोट्टीले आता कुठं कान आले. मले वाटलं नव्हतं, मी मरायच्या आधी या बँडले दुसरं माणूस भेटन.

२० मार्च

मले राहवलं नाही, गेली. शटर अर्धं पाडलेलं. आत काही चालू होतं, अन् ग्रिलवाल्याचा बाजूनं इतका दणका होता का काही समजेना. त्याले काम लई दिसते.

मी वाकून आत जाणार, तेवढ्यात धोंडबा घामानं भिजलेला बाहेर आला. वाटेतच उभा राहिला.

"आता नका ऐकू बाई. लग्नातच ऐका."

"काहून?"

"ताईनं सांगतलं आहे. तुमाले आधी ऐकवायचं नाही म्हणे."

समजली मी. अचानक ऐकवायचं आहे मले. पोट्टीचे सारे लाड.

धोंडबानं आतून एक कोट आणून दाखवला, लाल, सोनेरी पट्ट्याइचा. सगळ्याइले नवीन शिवून दिले म्हणे ताईनं, तिच्या पगारातून. त्याचा हात त्या कोटावरून निघत नव्हता, मांजरीवरून फिरवावा तसा फिरवत होता. मी म्हटलं, "जुन्याले काय झालं होतं?" जुन्याच्या बाह्या फाटल्या होत्या, ते मलेही दिसत होतं. पण वाजवायचं तोंडानं राहते.

घरी येताना मी मेट्रोत गुणगुणून राहिली होती. समोरचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

१२ एप्रिल

उन्हानं जीव चालला आहे. कूलर पाणी पिते अन् गरम हवा फेकते. घरात साड्याचे डब्बे, पाय ठेवायले जागा नाही.

शेजारची रुमालाचा गठ्ठा घेऊन आली, आहेराचे. म्हणे, "रुखमाबाई, यातला एक तुमच्या बँडले ठेवू काय? डोळे पुसायले?"

मी म्हटलं, "तुह्याजवळच ठेव. तू ऐकशीन तं लागन."

घरात जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. हसू द्या. दोन आठवडे राहिले.

२८ एप्रिल

लग्न लागलं. पोरगी गेली. त्याबद्दल देवकी रडली तेवढं पुरे आहे. मी दुसऱ्या गोष्टीचं लिहिते.

ऊन उतरल्यावर वरात आली. पुढं डीजेची गाडी, छातीत कोणी कांडून राहिलं असा आवाज. मी मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, नवीन पातळ नेसून. राजहंसवाले आधीच उभे होते, लाल कोट, टोप्या. सोबत एक ढकलगाडी, तिच्यावर भोंगे अन् लाईट, अन् लाईटमध्ये लिहिलेलं 'राजहंस'. मी म्हटलं, असू दे. लग्नात सगळेच नटतात.

डीजे दारावर थांबला. धोंडबानं क्लॅरिनेट तोंडाले लावला.

आमची चाल. तो एकटा. बाकीचे उभे. वरातीले वाटलं हे विसरले, सगळे थांबले. विहीणबाईनं बाजूच्या बाईले कोपर मारला. मारू दे, मी म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला होता. मी ढोलाची वाट पाहून राहिली, तो मागून मागून येते त्याची.

ढोल आला. मागून नाही आला. धाडकन आला. त्याच्यासोबत एक विजेवर वाजणारं पॅड, अन् आमच्या चालीचं मुंडकं मुरगाळून त्याइनं ते गाणं सुरू केलं. तेच धडधड्या, मेट्रोतल्या पोट्टीवालं.

मी उभी झाली. मले वाटलं, आता कोणीतरी चिल्लावेल, "बंद करा बे!" कोणी चिल्लावलं नाही.

चंपतराव नाचले. दोन्ही हात वर करून, फेटा सुटेपर्यंत. विहीणबाईनं पदर खोचला. बाबाराव नाचला, ज्याचे गुडघे मले दवाखान्यात न्यायच्या दिवशीच दुखतात. डीजेवाल्याले त्याच्याच लोकाइनं सांगतलं, तू गाडी बाजूले घे, आज हाच वाजू दे. दारावर अर्धी घटकाच थांबायचं होतं, तिथून वरात हलेचना. धोंडबाच्या हातातला क्लॅरिनेट कधी गेला कळलं नाही. तो खुळखुळा हलवत होता अन् हसत होता. इतक्या वर्षात त्याचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

मंग कोणीतरी चिल्लावलं, "आजीले आणा! आजीचा बँड आहे!" मले ओढत नेऊन मधात उभं केलं. टाळ्या, शिट्ट्या, सगळे मोबाईल माझ्या तोंडावर. भूमिका नवरीच्या कपड्यात दारापर्यंत आली होती. माझ्याकडे पाहत होती, जसं ताटात नवीन काही वाढलं अन् आता मी चव सांगायची. मी सांगतली नाही.

जेवणाच्या वेळी धोंडबाले गाठलं. त्याच्याभोवती काटोलवाल्याइचा घोळका, सगळे तारखा धरून राहिले होते.

"चाल अर्धीही नाही झाली," मी म्हटलं.

"नंतर वाजवतो बाई."

नंतर वाजवली नाही. मी बिदाईपर्यंत वाट पाहिली. बिदाईले तरी वाजवतीन, ती वेळच तिची आहे. भूमिका गळ्यात पडली, कानात काहीतरी बोलली. मी बँडकडे कान लावून होती. काय बोलली ते ऐकलं नाही.

४ मे

धोंडबा घरी आला. संत्रा बर्फीचा डब्बा घेऊन. पाया पडला.

"बाई, तुमच्यानं दिवस पालटले. या मोसमात एक मुहूर्त खाली नाही. काटोल, कळमेश्वर, सावनेर, सगळीकडून बोलावणं आहे. पोराले गुजरीतून परत आणलं, भाजीचं दुकान बंद केलं त्याचं."

"ती चाल वाजव."

"क्लॅरिनेट नाही आणला बाई."

"उद्या आण."

तो डब्ब्याच्या दोरीशी खेळत बसला. मंग म्हणे, "रागावू नका. ती आम्ही बंद केली."

"तुह्या बापाची होती ती."

"बापाचीच होती. त्या चालीपायी पोट्टे मले रडक्याचा रडका म्हणत होते शाळेत. शाळा त्याच्यानंच सुटली. खरं सांगू काय बाई? आमच्यात कोणालेच ती कधी आवडली नाही. ढोलवाल्याले तं तिचं नाव काढलं का पोटात दुखते."

म्हणून ते सगळे चहा सांगायले जात होते.

"मंग इतके वर्ष काहून वाजवली?"

"तुम्ही उभ्या राहत होत्या नं. माणूस हातातलं काम टाकून येते, रस्त्यावर उभं राहते. त्याच्यासमोर नाही वाजवायचं, हे बरं नाही वाटत."

"म्हणजे कीव करत होता माही."

"नाही बाई! असं काहून म्हणता? मान होता तो."

असेल. मले त्यातला फरक समजत नाही, मी चौथी शिकली. तो गेला. बर्फी मी खाल्ली. चांगली होती, त्याचाच जास्त राग आला.

२६ मे

अधिक महिना. जावयाले धोंड्याचं जेवण. भूमिका अन् दुर्गेश आले. काटोलवाल्याइनं यावेळी दोन पेट्या पाठवल्या. संत्र्याचा मोसम नाही, तं आंबे.

मी चुलीजवळ धोंडे तळून राहिली होती. चूल म्हणजे गॅसच, पण मी चूलच म्हणते. भूमिका येऊन बाजूले उभी राहिली.

"आजी, माहा फोन काहून नाही उचलत?"

"ऐकू येत नाही."

"तुले दोन गल्ल्या पलीकडचा क्लॅरिनेट ऐकू येते."

"आता तोही नाही येत. तुह्या कृपेनं."

तिनं झारा माझ्या हातातून घेतला. "हो. मीच शिकवलं त्याइले ते गाणं. मी अन् दुर्गेशनं. काय करणार होती मी? सासूबाईनं साऱ्या काटोलले सांगून ठेवलं होतं, चला, बुढीचा बँड पाहायले. लोक हसायले तयार होऊन आले होते आजी. तू दारात बसणार, नवीन पातळ नेसून, अन् ते तुह्या तोंडावर हसणार. मले पाहवलं नसतं."

"हसू द्यायचं होतं. मले सवय आहे."

"मले नाही नं."

धोंडे करपत होते, दोघींचं लक्ष नव्हतं.

"अन् तू कधी धोंडबाकाकाच्या घरी गेली आजी? मी गेली."

"काय आहे त्याच्या घरी?"

"काहीच नाही. तेच सांगते."

पोट्टी बरोबर बोलली का चूक, हे मी ठरवत बसली नाही. ते सगळे हसले असते, तं तो बँड माझा राहिला असता. पण हे म्हणायले गेली तं कसं ऐकू येते, ते मलेही समजते. म्हणून म्हटलं नाही. इथं लिहिते.

करपलेला धोंडा मी दुर्गेशच्या ताटात वाढला. चुपचाप खाल्ला त्यानं, वरून आणखी मागतला. पोरगा वाईट नाही.

जाताना भूमिका म्हणे, "पुढल्या वेळी धोंडबाकाकाले एकट्याले घरी बोलावते. फक्त तुह्यासाठी. वाजवतीन ते, मी विचारलं आहे."

"नको. मनात नसताना वाजवलेलं लई ऐकलं मी. तेव्हा माहीत नव्हतं."

ती गाडीत जाऊन बसली. या वेळी गळ्यात नाही पडली.

२३ जून

गल्लीत वरात आली. कोपऱ्यावरूनच समजलं कोण आहे ते. आता लाईट जास्त लावले आहे, अन् गाडीवर पुढं राजहंस पक्षी बसवला आहे, तो मान हलवते.

सगळ्या खिडक्या उघडल्या. ज्या बायका रुमालावरून हसत होत्या त्याच गेटवर उभ्या. "रुखमाबाई, या नं! तुमचा बँड!" देवकी पायात चप्पल न घालता बाहेर पळाली. मी बाहेर गेली नाही. मी गेली नाही असं या बँडच्या बाबतीत पहिल्यांदा झालं.

बाबाराव घामेघूम होऊन आत आला, खूश. "माय, चाल नं! काय वाजवून राहिले!" मंग माझ्याजवळ बसला, लाडात आला. "पाहा, तुह्या वेळेले हाच बँड बोलवू. वाजतगाजत नेऊ तुले, सारं मानेवाडा पाहीन." पिकून मेलेलं माणूस आमच्याकडे वाजवतच मसणात नेतात. त्याच्या मनात चांगलंच होतं.

"मले नेताना काही वाजवू नका," मी म्हटलं.

"काहून वं माय? तुलेच तं आवडते."

"सांगतलं तेवढं लक्षात ठेव."

तो खांदे उडवून पुन्हा बाहेर गेला. मी स्वयंपाकघरात गेली, खिडकी लावली. लावली तरी येते आवाज, भिंतीतून येते. शेंगदाणे भाजलेले होते, ते मिक्सरच्या भांड्यात टाकून राहिली होती. खाली नजर गेली तं माझा उजवा पाय हलत होता. ढोलाबरोबर. बरोबर ठेक्यात.

त्याच्यावर डावा पाय दाबून ठेवला अन् मिक्सर लावला. कूट झाला, मंग त्याले तेल सुटलं. देवकी मागून आली, म्हणे, "आई, इतकं बारीक कोणाले पाहिजे?" मी बंद नाही केला. वरात चौकात वळेपर्यंत चालू ठेवला.